सगुण मेस्ताने निवडलेली होडी

सगुण,

तू गेल्यापासून केरीत जो भेटतो तो मला सांगतो, मेस्त देवमाणूस होता. मी ऐकून घेतो. मेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये हे मला मान्य आहे, पण खोटं बोलावं असं कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही. तू देवमाणूस नव्हतास. तू हट्टी होतास, दहा माणसांत टोचून बोलायचास, आणि माझ्याशी केलेला एक सौदा अर्धाच पुरा करून निघून गेलास. डिचोलीच्या बाजारात इतकी वर्षं काढली, पण मला असं फसवून कुणी गेलं नाही. तू गेलास.

ही गोष्ट तू लोकांना नेहमी मधूनच सांगायचास, जिथे मी वेडा ठरतो तिथून. आज मी पहिल्यापासून, छापून सांगणार आहे. मध्येच तोंड घालायची तुझी सोय उरलेली नाही. त्याचा फायदा मी घेणार. तूही घेतला असतास.

गोवा मुक्त झाला त्याच्या पुढच्या वर्षी मी आरोंद्याहून होडीत बसून तेरेखोल नदी उतरलो आणि केरीला आलो. अठरा वर्षांचा होतो. तुझे वडील, थोरले मेस्त, माडांखाली मांडव घालून होड्या बांधायचे. तू माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, आणि दहा वर्षांनी मोठा असल्यासारखा वागणारा. चार महिने मी तुमच्याकडे काम शिकलो, तुझ्या आईच्या हातची पेज जेवलो, तुमच्याच पडवीत झोपलो. तुमच्या होडीला खिळा लागत नाही. फळीला फळी काथ्याच्या दोरीने शिवतात. एक माणूस होडीच्या आत बसतो, एक बाहेर. भोकातून दोरी आत जाते, बाहेर येते, आणि दोघांनी ती एकाच दमात ओढायची असते. एकाने आधी ओढली की फळीची कड फुटते. मी आधी ओढायचो. दोनदा थोरल्या मेस्तांनी काणाडोळा केला. तिसऱ्यांदा फणसाची चांगली लांब फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरत गेली. तू बाहेरून उठलास आणि रापणीचं जाळं ओढून आलेली सगळी माणसं उभी होती त्यांच्यासमोर बापाला म्हणालास,

"बाबा, ह्याचे हात घायेचे. ह्याका खंय तरी दुकानार बसोवचो."

माझे हात घाईचे, मला दुकानावर बसवा. माणसं हसली. संध्याकाळी थोरल्या मेस्तांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि निरोप दिला. माझ्या जागी भिकू आला. तो पुढे तुझा जोडीदार झाला, तू बाहेर आणि तो आत, जन्मभर.

तुझं म्हणणं खरं ठरलं हाच माझा सगळ्यात मोठा राग आहे. मी खरोखरच दुकानावर बसलो. आधी खाणीवर ट्रक भरले, मग खनिज वाहून मोडीत निघालेल्या बार्जींचं लोखंड विकलं, मग डिचोलीच्या बाजारात स्वतःचं हार्डवेअरचं दुकान टाकलं, सर्वणला घर बांधलं. कुणाच्या वशिल्याने नाही, कुणाच्या पाया पडून नाही. वाळपईपासून पेडण्यापर्यंत लोकांच्या दारांना माझ्या बिजागऱ्या लागल्या. फक्त एका माणसाने माझ्या दुकानातून कधी मूठभर खिळेही नेले नाहीत. "तुजे खिळे माज्या होडयेक कित्याक जाय?" असं म्हणून तू बुधवारच्या बाजाराला यायचास, माझ्या खुर्चीत बसायचास, माझा चहा प्यायचास आणि माझ्या गिऱ्हाइकांना सांगायचास की हा शेट आधी होडी शिकायला आला होता.

अशा माणसाशी मी पंचवीस वर्षं मैत्री कशी ठेवली, असं माझी बायको सुमन मला विचारते. मी तिला सांगतो, ज्याच्याकडून येणं असतं त्याला माणूस नजरेआड होऊ देत नाही.

गोवा वेगळं राज्य झालं त्या वर्षीची गोष्ट. भाषेवरून सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. तू कोकणीवाला, मी मराठीवाला. आपण मात्र बोलत होतो, म्हणजे ओरडत होतो. तुझ्या मांडवात मी म्हणालो, "गणपतीसमोर आरत्या मराठीत म्हणतोस, पेपर मराठी वाचतोस, मग मराठीला नको कसं म्हणतोस?"

"आरती देवाक," तू रंधा थांबवला नाहीस. "कोकणी माका."

 अडलो की माझा आवाज चढतो हे तुला ठाऊक होतं. मी भाषा सोडली आणि त्या चिरलेल्या फळीवर घसरलो. म्हटलं, त्या दिवशीही तू असाच दोन शब्दांत माझा निकाल लावला होतास.

"अजून तेंच?" तू हसलास. "पंचवीस वर्सां जालीं रे शेटी. इतले खिळे विकले, एक तरी सरळ मारला?"

भिकूही हसला. भिकूला हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. तिथल्या तिथे मी सौदा टाकला. मी माझ्या हातांनी होडी करीन. मोठी करायला मला मांडव नाही, लहान करीन, पण खरी करीन, वाक आणि फळ्या जोडून. बांधताना तुझा हात लागणार नाही. ती पाण्यावर सरळ उभी राहिली तर जिथून मला घालवलंस तिथेच, माणसं गोळा करून, तू म्हणायचं, "ह्याचे हात बरे. ह्याका धाडलो ती माजी चूक." आणि उलटली, तर मी त्या फळीचा विषय जन्मात काढणार नाही.

"जायत," तू म्हणालास. "पूण खंयची होडी करची तें हांव सांगतलों."

"तू काही सांगायचं नाहीस. माल निवडणं हा माझा धंदा आहे."

इथे माझी चूक झाली. हे लिहिताना मला आनंद होत नाही, पण पुढे माझी बाजूही येणार आहे, म्हणून लिहितो.

हरमलचा कायतान तारवटी, म्हणजे परदेशी बोटीवर नोकरीला. दर सुटीत तो काहीबाही विकायला आणायचा. त्या खेपेला त्याने लाकडी जहाजांचे दोन संच आणले होते. खोक्यात सगळे तुकडे कापलेले, सोबत नकाशा, घरी बसून आपण जोडायचं. मोठ्या खोक्याच्या झाकणावर तीन डोलकाठ्यांचं लढाऊ गलबत होतं, शिडं फुगलेली, दोन्ही अंगांना तोफा. लहान खोक्यावर मासे मारायची एका शिडाची साधी होडी. गलबताच्या खोक्यावर तुकड्यांचा आकडा छापला होता, नऊशेच्या वर. होडीचे सत्तरही नव्हते. किंमत मात्र दुप्पटसुद्धा नाही. बाजारात वाढलेल्या माणसाने यात विचार काय करायचा?

कायतान बिचारा म्हणाला होता, "शेट, पयलेच खेपेक हें व्हडलें नाका. आमच्या बोटीवयल्या इंजिनियरान एक वर्स घालयलें, तरी अर्देंच जालें."

"भाव चढवायची ही रीत मला ठाऊक आहे," मी म्हणालो. अर्धा तास घासाघीस केली, त्याच्या बायकोने वाढलेलं जेवण निवू दिलं, आणि ते गलबत बगलेत मारून आणलं. त्या वर्षीचा माझा सगळ्यात चांगला सौदा, असं मला वाटलं.

घरी खोका उघडला. आत पातळ लाकडाचे मोठे ताव होते. प्रत्येक तावात कितीतरी तुकडे कापून नुसते अडकवून ठेवलेले, आणि तुकड्याचा नंबर तुकड्यावर नाही, शेजारी तावावर छापलेला. मला तो सगळा प्रकार गबाळा वाटला. दुकानात नवा माल आला की मी पहिलं काय करतो? वेष्टण फाडतो, मापाप्रमाणे वेगळा करतो, डब्यांत भरतो. इंचाचा खिळा इंचाच्या डब्यात, दीड इंचाचा दीडच्या. मी खिळ्यांचे रिकामे डबे मागवले, पाट टाकून बसलो, आणि एका रविवारी नऊशेच्या नऊशे तुकडे तावांतून सोडवून लांबीप्रमाणे बारा डब्यांत लावले. डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. उरलेले तावांचे सांगाडे सुमनने चुलीला लावले, माझ्याच सांगण्यावरून.

तू घरी आलास तेव्हा मी ते डबे तुझ्यासमोर रांगेत मांडले. तू एकातून एक वाक उचललास. वाक म्हणजे होडीची बरगडी. दुसऱ्या डब्यातून दुसरा उचललास. दोन्ही एकावर एक धरून उजेडात पाहिलेस.

"हातूंतलो पांचवो खंयचो आनी सवो खंयचो?"

"लांबी बघ ना. डब्यावर लिहिली आहे."

"नंबर खंय?"

"नंबर तावावर होते."

"आनी ताव?"

मी चुलीकडे पाहिलं. तू सुमनकडे वळलास. "सुमनबाय, खरेंच?"

"भावजी, रविवारचा भात त्यावरच शिजला," ती म्हणाली.

मग तू हसलास. भिंतीला टेकून हसलास, खाली बसून हसलास, डोळे पुसलेस आणि डब्यावरची चिठ्ठी वाचून परत हसलास. शेवटी खोकला लागला, पाणी द्यावं लागलं. त्या खोकल्याकडे आपण तिघांपैकी कुणी लक्ष दिलं नाही. तुझ्या हसण्याचाच तो भाग आहे असं मी धरून चाललो. मी तेव्हा तुझ्यावर इतका चिडलो होतो, सगुण, की तू खोकतोयस याचं मला बरं वाटलं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. आता सांगतो.

"सौदो मोडलो?" पाणी पिऊन तू विचारलंस.

"सौदा मोडत नाही. माल बदलायचा आहे."

आपण दोघे हरमलला गेलो. कायतानने लांबूनच हात हलवला. "शेट, फोडिल्लो माल हांव परत घेना हां."

"परत कोण देतंय? तुझ्या नव्या घराला खिडक्या, तुमची जनेलं, किती?"

"इकरा."

"बिजागऱ्या घेतल्यास?"

"पणजे सांगून दवरल्यात."

"लोखंडी. दर्याच्या वाऱ्यावर दोन पावसाळे. माझ्याकडे पितळी आहेत. ते लहान खोकं दे, नऊ जनेलांच्या देतो."

"आनी उरिल्लीं दोन जनेलां कशीं धांपूं? दोरयेन बांदूं?"

"बरं, अकरा."

"इकरा आनी मुखेल दार."

"दाराला तुझा कुत्रा आहे."

कायतानची बायको आतून हसली आणि तिथे सौदा ठरला. अकरा जनेलं, दार नाही. मी विजयी मुद्रेने तुझ्याकडे पाहिलं, तर तुझं लक्षच नव्हतं. तू ओसरीवर मांडी घालून बसला होतास आणि खोकं उघडलं होतंस. त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिलं, माल कसा निवडतात ते. इतकी वर्षं दुकान चालवून मला ते येत नव्हतं.

तू झाकण पालथं ठेवलंस, चित्र जमिनीकडे. नकाशा पसरलास आणि त्यावर होडीचा तुकडा ठेवून पाहिलास. चित्र आणि वस्तू एकाच मापाची निघाली तेव्हा मान हलवलीस. "कुडको कागदार दवरून पळोवंक जाय. ना जाल्यार नवशिको वाट चुकता." मग तळ पाहिलास. सपाट होता. सपाट तळाची होडी बांधताना मेजावर आपली आपण उभी राहते, गोल तळाची धरायला तिसरा हात लागतो. वाक मोजलेस, सात. फळ्या बोटभर रुंद होत्या, गलबताच्या असतात तशा काड्या नव्हेत. त्यातली एक कानाजवळ नेऊन हळूच वाकवलीस, करकरते का ऐकलंस. वास घेतलास. शेवटी दोऱ्या आणि शिडाचं पुडकं तळहातावर ठेवलंस आणि ते इतकं लहान आहे म्हणून तुझा चेहरा खुलला.

"नवशिको दोरयांनीच मरता," तू म्हणालास. आणि मग माझ्याकडे बघून, मासळीचा दाखला देत, "नुस्तें घेतना कल्ले पळयता. आनी तारूं घेतना झांकणावयलें चित्र?"

"ही पोरांची होडी आहे," मी म्हणालो.

"तूं गलबतार केन्ना बसला?"

"नाही."

"आनी हातूंत?"

मी झाकण उलटं केलं. ती होडी कुठल्या देशाची कोण जाणे, पण तसंच रुंद बूड, तशीच आडवी बसायची फळी. आरोंद्याहून मी जिच्यात बसून आलो तिची ती सख्खी बहीण होती.

"जातूंत बसला, तेंच पयलें करचें. खंय चुकलें तें बसपी मनशाक कळटा."

मी पुष्कळ विक्रेत्यांची बोलणी ऐकली आहेत. इतकं सरळ बोलणं कुणाचं ऐकलं नाही.

मग पावसाळाभर तू दर बुधवारी बाजार आटोपून सर्वणला यायचास. मेजाच्या पलीकडे बसायचास, दोन्ही तळहात काखेत दाबून, कारण हात लावायचा नाही असं ठरलं होतं आणि तुझे हात तुझं ऐकत नव्हते. हवेत इतका ओलावा की सरस धरत नसे. फळी कोमट पाण्यात भिजवायची, वाकांवरून हळूहळू वाकवायची, दोऱ्याने बांधून तशीच सोडायची आणि दुसऱ्या दिवशी चिकटवायची. मला दुसरा दिवस नको असायचा. पहिली फळी मी लगेच दाबून चिकटवली, फुटली. तू हूं की चूं केलं नाहीस. दुसऱ्या फळीला "थांब" म्हणालास. तिसरीला नुसता घसा खाकरलास. चौथी फळी मी वाकवली, दोरा बांधला, आणि माझा हात आपोआप मागे आला. मी वर पाहिलं. तू खिडकीबाहेर सुमनच्या अळूकडे असा बघत होतास जणू जन्मात अळू पाहिलं नव्हतं.

सगुण, दुकानात मी दिवसभर माणसांशी भांडतो. भाव पाडणाऱ्यांशी, माल उशिरा पाठवणाऱ्यांशी, वजनात मारणाऱ्यांशी. त्या मेजावर मला भांडायला कुणी नव्हतं. लाकूड भाव करत नाही. त्याला जितका वेळ लागतो तितका लागतो. तू हे मला तोंडाने सांगितलं असतंस तर मी तुझ्याशी वाद घातला असता. तू काखेत हात घालून बसून राहिलास. त्याबद्दल मी तुझे आभार मानले नाहीत, तेही आता मानतो.

दिवाळी झाल्यावर आपण ती केरीला फेरीच्या धक्क्यापाशी पाण्यात सोडली. भरती लागली होती. मांडवातली माणसं होती, फेरीवरचे लोक होते, तुझ्या घरातून शेवंती वहिनी आली होती, कायतानही हरमलहून मुद्दाम आला होता. मी गुडघाभर पाण्यात उभा राहून हात काढून घेतले. होडी एकदा डावीकडे कलली.  मग ती सावरली आणि सरळ उभी राहिली. लाटेबरोबर वर गेली, खाली आली, नाळ, म्हणजे पुढचं टोक, वाऱ्याबरोबर वळवून तिने आपलं आपण शीड भरून घेतलं. फेरीवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या दुकानाच्या उद्घाटनाला एवढ्या टाळ्या पडल्या नव्हत्या.

सगळे तुझ्याकडे बघू लागले. तू उकिडवा बसून होडीकडे बघत होतास.

"बरी जाल्या," तू म्हणालास.

"आणि?"

"आनी किदें?"

"ठरलेलं बोल."

"ह्याचे हात बरे," तू मोठ्याने म्हणालास, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग थांबलास.

"पुढचं."

"फुडलें कशें म्हणूं? तेन्ना तुजे हात घायेचेच आशिल्ले. आज नात. धाडलो ती माजी चूक कशी जाली?"

मी ओल्या पायांनी धक्क्यावर चढलो आणि तुला काय काय बोललो ते इथे छापण्यासारखं नाही. दगाबाज म्हणालो एवढं सांगतो. तू शांतपणे माझी होडी पाण्यातून उचललीस, धोतराने पुसलीस आणि म्हणालास, "अर्दें आतां दिलें. उरिल्लें मागीर पळोवया."

ती होडी पाहूनच कायतानला खऱ्या होडीची हौस आली. त्याची बोटीवरची नोकरी संपत आली होती. त्याने तिथेच तुला सांगितलं, मला अशीच एक बांधून दे, मी बसेन एवढी. तुझ्या हातून बांधली गेलेली ती शेवटची होडी.

तू अंथरूण धरल्यावर मी भेटायला आलो तो उरलेलं अर्धं मागायलाच. हे ऐकायला वाईट दिसतं. पण तुझ्या घरात पाऊल टाकलं आणि तू बसका आवाज काढून विचारलंस, "किदें शेटी, दुकानाची पाटी कोकणींत केली काय ना?" झालं. आपण तासभर पाटीवरून भांडलो. तुला धाप लागत होती, तरी तू हार मानत नव्हतास, आणि मलाही मानू देत नव्हतास. शेवंती वहिनीने शेवटी मला दंडाला धरून उठवलं. मी जो विषय काढायला आलो होतो तो काढलाच नाही. चौथ्या दिवशी तू गेलास.

तुझं बारावं झाल्यावर कायतान मांडवात आला. त्याची होडी वरच्या एका फळीवाचून पुरी होती. तो वाईट माणूस नाही. हळूच म्हणाला की टेम्पो आणतो आणि ती शिरोड्याला दुसऱ्या मेस्ताकडे नेतो. भिकू खांबाला टेकून बसला होता. शिवायला दोन माणसं लागतात आणि त्याचं दुसरं माणूस गेलं होतं.

"होडी इथून अर्धी जाणार नाही," मी म्हणालो.

"शेट, मग शिवतलो कोण?"

"मी."

"होडी व्हडली हां, मेजावयली न्हय. फळें फुटलें जाल्यार?"

"फुटली तर नवी फळी माझी, आणि तुझ्या मुख्य दाराच्या बिजागऱ्याही. नाही फुटली तर वर्षभर दर आठवड्याला पहिली मासळी शेवंती वहिनीच्या घरी."

"सबंद वर्स? स म्हयने, अर्दें वर्स."

"वर्ष."

"बरें, पावस सोडून."

"पाऊस सोडून."

कायतानने मान हलवली, पण नजर भिकूकडे होती. माझीही. भिकूने माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. तो माझ्या हातांकडे बघत राहिला. मग उठला, लुंगी आवळली, होडीत चढला आणि आत जाऊन बसला. शेवंती वहिनीने स्वतः वळलेल्या काथ्याचा गुंडा बाहेर आणून माझ्यापुढे ठेवला.

आम्ही दोन दिवस शिवत होतो. तो आत, मी बाहेर. फळीमुळे एकमेकांचं तोंड दिसत नाही. दोरीला हात लावून समोरच्याचा दम ओळखायचा. पहिल्या भोकातून दोरी आत गेली. मी ओढलं नाही. दोरी आतून ताठ होईपर्यंत थांबलो, आणि ती ताठ झाली तेव्हा भिकू आणि मी एकदमच ओढली. फळी आपल्या जागी बसली तो आवाज मला अठराव्या वर्षी एकदाही ऐकायला मिळाला नव्हता. नंतर मी भोकं मोजायची सोडून दिली. दुसऱ्या दिवशी टोकाला पोचलो तेव्हा भिकू आतून म्हणाला, "सोंपलें." एवढंच. पण सगुण, तो जन्मभर तुझ्यासमोर बसला. वाईट शिवण असती तर तो मध्येच उठून गेला असता.

काल होडी पाण्यात लोटली. सगळं केरी आलं होतं. कायतान वल्हं मारत लांब गेला, वळला, आणि तिथूनच ओरडला, "उदक येता!"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मला ती चिरलेली फळी आठवली, ते हसू आठवलं. कायतान किनाऱ्याला लागताच मी होडीत उडी मारली. माझ्या फळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. कोरडी. पुन्हा फिरवलं. कोरडी. मग खाली वाकलो. तळापासून दुसऱ्या फळीत, नाळेजवळ, पाणी मण्यासारखं एकेक थेंब वर येत होतं. ती तू शिवलेली फळी. भिकूला ते माझ्याआधी कळलं होतं. तुला ताप असताना त्या जागी तुझी दोरी सैल पडली होती हे त्याच्या हातांना माहीत होतं, आणि तो तुला बोलला नव्हता.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. "लाकूड फुगतलें," भिकू पुटपुटला. मी तेलात भिजवलेला कापूस घेतला, अंगठ्याने त्या फटीत दाबला आणि थेंब थांबेपर्यंत दाबून धरला.

"कोणाच्या फळयेंतल्यान आयलें?" कायतानने विचारलं.

"होडीच्या," मी म्हणालो.

पंचवीस वर्षं ज्या संधीची वाट पाहिली ती हातात आली होती, दहा माणसांत, त्याच वाळूवर, आणि मी तोंड उघडलं नाही. उघडवेना. अंगठ्याखाली तुझी शिवण होती.

पण तिथे गप्प बसलो म्हणून इथे बसणार नाही. छापून सांगतो. माझी फळी कोरडी होती आणि तुझी गळत होती. चूक तुझ्याही हातून होते, सगुण. पटत नसेल तर ऊठ, ये, आणि भांड.